अनुभव धागा : विशेष मुलं आणि घरातला रोजचा दिवस

आमचा मुलगा १४ वर्षांचा आहे. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या बिघाडामुळे हालचालींवर ताबा नसणं), चाकाची खुर्ची, बोलणं मोजक्या शब्दांचं. उपचारांबद्दल आपण पालक एकमेकांना बरंच सांगतो. पण सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत घर कसं चालतं, हे फारसं कुणी लिहीत नाही. बहुतेक घरांत हे सारं एकट्या आईला ठाऊक असतं आणि ती तापाने आडवी झाली की इतरांना काही सुचत नाही. म्हणून हा धागा. तुमच्याकडे कोण काय करतं, काय जमलं, कशाला वेळ लागला, ते सविस्तर लिहा. मुलांची आणि शाळांची नावं मात्र नकोत.

सुरुवात मी करते. आमच्याकडे सगळ्यांत मोठं काम जेवणाचं. पातळ पदार्थाने त्याला ठसका लागतो, म्हणून वरण घट्ट, भात कुस्करलेला, ताकाऐवजी दही. भरवताना तो ताठ बसलेला हवा, हनुवटी किंचित खाली. मान मागे गेली की घास श्वासनलिकेत जायची भीती. जेवण झाल्या झाल्या आडवं करायचं नाही. थेरपिस्ट बाईंनी हे मला दाखवलं आणि मी नवऱ्याला, सासूबाईंना, दिरांना समोर बसवून शिकवलं. (प्रत्येक मुलाचं गिळणं वेगळं असतं, तेव्हा आपापल्या थेरपिस्टना विचारूनच करा.) सासूबाई पूर्वी भराभर भरवायच्या. आता एक घास देतात, शेजारच्या मांजरीची काहीतरी हकिगत सांगतात, त्याने गिळलंय ना ते बघतात, मग दुसरा. त्यांच्या हातून तो माझ्यापेक्षा जास्त जेवतो.

दुसरं काम उचलण्याचं. वजन वाढत गेलं तशी माझी कंबर धरायला लागली. न्हाणीघराचं दार इतकं अरुंद की खुर्ची आत जाईना. चौकट काढून सरकतं दार बसवलं, भिंतीला दांडा लावला. तो दांडा धरून आता थोडा भार स्वतः पेलतो. कुणी घर बांधत असाल तर हे दार रुंदच ठेवा.

नाशिकहून एक बाबा, मुलगी ९ वर्षांची, ऑटिझम (स्वमग्नता)

ताई, धागा काढलात, बरं झालं. आमच्याकडे अडतं ते ठरल्यापेक्षा वेगळं काही झालं की. रिक्षावाले काका बदलले, नेहमीच्या वाटेवर खोदकाम निघालं, की ती रस्त्यातच बसकण मारते. त्यामुळे फ्रिजवर दिवसाची चित्रं लावतो: दात घासणं, पोहे, शाळा, झोका. बदल असेल तर आदल्या रात्रीच चित्र बदलायचं आणि तिच्याच हाताने लावून घ्यायचं. हे काम माझं.

गणपतीत ढोल-ताशाचा तिला फार त्रास होतो. कानांवर आवाज अडवणारे हेडफोन आणि मिरवणुकीच्या दिवशी मावशीचं घर. लग्नाला जातो, पण यजमानांना आधी फोन करतो आणि पहिल्या पंगतीला बसतो. नातेवाईक "लाडावून ठेवलीय" म्हणायचे, तेव्हा बायको आतल्या आत रडायची. आता उत्तर मी देतो. तिने एकटीने का द्यावं?

साताऱ्याहून एक आजी

माझ्या नातीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून बसवायचं ऐकण्याचं यंत्र, झालं. केंद्र सरकारच्या योजनेत त्याला वयाची अट असते, म्हणून ज्यांचं बाळ हाकेला वळत नाही त्यांनी "मोठं झाल्यावर बोलेल" म्हणत थांबू नका. ऑपरेशन झालं म्हणजे पोर बोलायला लागतं असं नाही, ऐकायचं शिकवावं लागतं. सून नोकरीला जाते, मग ते काम माझ्याकडे. मेथी निवडताना, दिवा लावताना मी बोलतच राहते. आधी बोलायचं, मग वस्तू दाखवायची, हा आमचा नेम. आंघोळीला कानाबाहेरचं मशीन काढायचं, रात्री कोरडं करून डबीत ठेवायचं. चार्जिंग आजोबा बघतात. परवा तिने कुकरची शिट्टी ऐकून मला हाक मारली, "आजी, गॅस!"

पुण्याहून एक बहीण

माझ्या दादाला डाउन सिंड्रोम (जन्मापासूनची बौद्धिक अक्षमता) आहे, वय २६. दूध आणणं आणि चादरींच्या घड्या ही त्याची कामं. इतर कुणी घडी घातली तर उलगडून पुन्हा घालतो. दुपारी कार्यशाळेत कागदी पिशव्या करतो.

एक गोष्ट कळकळीने सांगते. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याने सज्ञान होतं; बँकेत, दवाखान्यात आई-वडिलांची सही आपोआप चालेलच असं नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालक नेमण्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे करता येतो. आमच्याकडे आई-बाबांनी मला आणि नवऱ्याला जवळ बसवून विचारलं, "पुढे तुमच्याकडे राहिला तर चालेल का?" दादालाही विचारलं. बहिणींना गृहीत धरू नका, विचारा. विचारलं म्हणून मी मनापासून हो म्हणू शकले.

दहावीतल्या मुलाची आई

थोडक्यात लिहिते. आपल्या मुलांना परीक्षेला लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळतो. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि अर्ज शाळेकडे वर्षाच्या सुरुवातीलाच द्या. सांगून लिहून घ्यायचा सराव मुलाला लागतो. आमच्याकडे तो मोठी बहीण रोज संध्याकाळी घेते.

एक बाबा, ठाणे

आमच्या मुलाला फिट येतात. घरी एक वही केली आहे: औषधांची नावं आणि वेळा, फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, वेळ घड्याळात बघायची, पाच मिनिटांच्या वर गेली तर थेट दवाखाना. शिवाय त्याला कुठलं गाणं लागतं, कुठली गोधडी. वही भरल्यावर बायको पहिल्यांदाच माहेरी चार दिवस राहून आली. ताई, तुमच्या दिरांना भरवताना किती दिवस शेजारी बसवलंत? माझा भाऊ तयार आहे, पण घाबरतो.