ईसीसी८३ प्रीअँप : घूंऽऽ आणि टणटण

प्रश्न : माझ्या ईसीसी८३ व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळीच्या) प्रीअँपला, म्हणजे अँपच्या आधी बारीक सिग्नल वाढवणाऱ्या भागाला, एचटी (व्हॉल्व्हचा उच्च दाबाचा पुरवठा) २५० व्होल्ट आहे. गाणं बंद असलं तरी घूं येतं. शेजारचे यंत्रमाग सुरू झाले की स्पीकरमधून टणटणही. व्हॉल्व्ह गेला का?

प्रतिसाद : लगेच बदलू नका. आधी फिलामेंट (व्हॉल्व्ह तापवणारी तार) बघा. ६.३ व्होल्टसाठी ४ आणि ५ नंबरच्या पिना एकत्र, ९ वेगळी; ०.३ अँपिअर लागतो. दोन्ही वायरी घट्ट पिळून चासीच्या (धातूच्या सांगाड्याच्या) कडेने न्या, ग्रिडपासून (व्हॉल्व्हमध्ये सिग्नल जिथे येतो त्या जाळीपासून) लांब. फिलामेंटला वीज देणारं ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग अधांतरी (ग्राउंडला न जोडलेलं) असेल तर घूं जाणारच नाही. त्याच्या दोन्ही टोकांकडून १००-१०० ओहमचे रेझिस्टर ग्राउंडला द्या. प्लगची अर्थ-पिन काढायला सांगणारे महाभाग भेटतील. अजिबात ऐकू नका.

प्रतिसाद : टणटण म्हणजे मायक्रोफोनी : व्हॉल्व्ह हलला की तो मायक्रोफोनसारखा आवाज उचलतो. मागांची थरथर टेबलातून व्हॉल्व्हच्या ग्रिडपर्यंत पोचते. पेन्सिलीच्या रबराने काचेवर हलकी टिचकी मारा; तसाच आवाज आला तर तोच व्हॉल्व्ह. सॉकेट रबरी ग्रोमेटवर (कड्यांवर) बसवा, नाहीतर तो व्हॉल्व्ह पुढच्या स्टेजला टाका, तिथून पुढे गेन (सिग्नलची वाढ) कमी असतो.

प्रतिसाद : हात घालण्याआधी प्लग काढा, १० किलोओहम ५ वॅटच्या रेझिस्टरने कपॅसिटर (त्यांत वीज साठून राहते) रिकामे करा, मीटरने खात्री करा.