मदत हवी आहे : संपादक लोखंडे यांच्याबद्दल कुठे वाचता येईल?

नमस्कार मंडळी,
आमच्या वाचनालयात नारायण मेघाजी लोखंडे यांच्यावर छोटं प्रदर्शन भरवतो आहोत. गिरणी कामगारांचे पुढारी म्हणून त्यांना सगळे ओळखतात. १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली, त्यामागे त्यांची चिकाटी होती. मला मात्र त्यांच्यातला पत्रकार लोकांपुढे आणायचा आहे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेलं ‘दीनबंधू’ हे साप्ताहिक लोखंडे यांनी १८८० पासून मुंबईत चालवलं. गिरणीत स्वतः नोकरी केलेला माणूस शेतकरी-कामगारांचं गाऱ्हाणं छापतो, हे मला फार मोठं वाटतं. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांसाठी धावपळ करताना ते गेले. सभा, अर्ज, आंदोलनं यांची नोंद सापडते, पण त्यांचे अग्रलेख वाचायला मिळत नाहीत, याची खंत वाटते.

‘दीनबंधू’चे जुने अंक कुणी प्रत्यक्ष पाहिले आहेत का? कोणत्या ग्रंथालयात? फोटो काढू देतात का? एखाद्या अंकाचं पहिलं पान जरी मिळालं तरी चालेल. त्यांच्या लेखनाचं संकलन माहीत असेल तर तेही कृपया सांगा. शाळेतली मुलं प्रदर्शन पाहायला येणार आहेत, त्यांना लोखंडे यांचे मूळ शब्द वाचायला मिळावेत अशी फार इच्छा आहे.