विंडोज एसएसडीवर, पण सिस्टिम पार्टिशन जुन्या हार्ड डिस्कवरच राहिले; पुन्हा इन्स्टॉल न करता ते हलवता येईल का?

उद्यमनगरकर (प्रश्न)

नमस्कार. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचे छोटे वर्कशॉप आहे. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचे मशिनिंग करून देणे हे आमचे काम. ऑफिसात एकच संगणक आहे आणि ग्राहकांची ड्रॉइंग, सीएनसी मशीनचे प्रोग्रॅम, बिले असे सगळे त्याच्यावरच चालते. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्यामुळे मी ५०० जीबीची नवी एनव्हीएमई एसएसडी (हलते भाग नसलेली वेगवान डिस्क) घेतली आणि एका सोमवारी, वर्कशॉपला सुट्टी असताना, पेनड्राइव्हवरून विंडोज ११ स्वतःच इन्स्टॉल केले. इन्स्टॉल करताना १ टीबीची जुनी हार्ड डिस्क संगणकात तशीच जोडलेली होती. एसएसडी निवडली, इन्स्टॉलेशन सुरळीत झाले, संगणक पूर्वीपेक्षा कितीतरी वेगाने सुरू होऊ लागला. त्यानंतर जुन्या डिस्कवरचे विंडोज १० चे पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र भाग) मी फॉरमॅट करून टाकले.

आता ती जुनी डिस्क अधूनमधून टकटक आवाज करते आणि डिस्कची प्रकृती तपासणारे क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर तिच्यावर पिवळा इशारा दाखवते. म्हणून तिच्यावरील सर्व फाइल दुसरीकडे उतरवून घेतल्या आणि काल ती काढली. संगणक सुरूच झाला नाही. बूट करण्यासाठी (म्हणजे सुरू होण्यासाठी) डिस्क सापडत नाही, अशा अर्थाचा संदेश काळ्या पडद्यावर आला. डिस्क पुन्हा जोडताच सर्व पूर्ववत झाले. डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाहिले तेव्हा डिस्क ० वर, म्हणजे जुन्या डिस्कवर, १०० एमबीचे 'ईएफआय सिस्टिम पार्टिशन' दिसले, आणि डिस्क १ वर, म्हणजे एसएसडीवर, फक्त सी ड्राइव्ह दिसला. सी ड्राइव्हखाली मात्र 'बूट' असा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे, आणि त्याच शब्दावर विसंबून मी डिस्क काढली होती.

माझा प्रश्न असा की हे चुकीच्या जागी राहिलेले पार्टिशन एसएसडीवर आणता येईल का, की सगळे नव्याने इन्स्टॉल करावे लागेल? ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचा परवाना या संगणकाशी बांधलेला आहे आणि मशीनसाठीच्या जुळवण्या बसवायला मला दोन दिवस लागले होते. ते पुन्हा करण्याची वेळ येऊ नये अशी मनापासून इच्छा आहे.

रंकाळाकाठ

मी आपल्या जागी असतो तर नव्याने इन्स्टॉल केले असते. जुनी डिस्क काढून ठेवायची, संगणकात फक्त एसएसडी ठेवायची, पेनड्राइव्ह लावून एसएसडीवरील सर्व पार्टिशन पुसायची आणि मोकळ्या जागेवर विंडोज बसवायचे. समोर दुसरी डिस्कच नसल्यामुळे सेटअप सिस्टिम पार्टिशन एसएसडीवरच करतो आणि सर्व काही योग्य क्रमाने लागते. पार्टिशनची हातघाई करताना एखादा आकडा चुकला आणि भलतीच डिस्क पुसली गेली, तर दोन दिवसांऐवजी दोन आठवडे जातील. मात्र परवान्याचे आपण लिहिले आहे, त्याचा विचार आपणच करावा.

संगणकसेवक

रंकाळाकाठ यांचा मार्ग चुकीचा नाही, परंतु या ठिकाणी त्याची गरज नाही असे माझे स्पष्ट मत आहे. आपले विंडोज पूर्णपणे निरोगी आहे आणि ते एसएसडीवरच आहे. चुकीच्या जागी आहे ती फक्त ते सुरू करून देणारी काही एमबींची सामग्री, आणि ती नव्याने तयार करण्याचे साधन विंडोजमध्येच दिलेले आहे.

आपली फसगत शब्दांनी केली. मायक्रोसॉफ्टच्या परिभाषेत ज्या पार्टिशनवर बूट मॅनेजर (विंडोज सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) असतो त्याला 'सिस्टिम पार्टिशन' म्हणतात, आणि ज्यावर विंडोज नावाचे फोल्डर असते त्याला 'बूट पार्टिशन' म्हणतात. कोणीही सरळ अर्थ लावला तर नेमके उलटे समजेल. त्यामुळे सी ड्राइव्हखाली 'बूट' लिहिलेले असणे हे संगणक त्या डिस्कवरून सुरू होतो याचे प्रमाण मुळीच नाही. सध्या चालू असलेले विंडोज त्या पार्टिशनवर आहे, एवढाच त्याचा अर्थ.

प्रत्यक्षात घडते ते असे. बटण दाबल्यावर मदरबोर्डवरील यूईएफआय फर्मवेअर, म्हणजे बोलीभाषेतील बायोस, जागे होते. फर्मवेअरला फॅट प्रकारचे फॉरमॅट वाचता आले पाहिजे असा यूईएफआयचा नियम आहे. एनटीएफएस (विंडोजचे नेहमीचे फॉरमॅट) वाचता यावे अशी अट त्यात नाही, आणि आपला सी ड्राइव्ह तर एनटीएफएस आहे. म्हणून फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेले एक छोटे पार्टिशन लागते. फर्मवेअर त्यातील विंडोज बूट मॅनेजर चालवते, बूट मॅनेजर त्याच पार्टिशनमधील बीसीडी नावाची नोंदवही वाचतो, आणि विंडोज कोणत्या डिस्कवर आहे हे तिथून कळल्यावर पुढचे काम सी ड्राइव्हकडे जाते. आपल्याकडे ही नोंदवही जुन्या डिस्कवर आहे. दार एका घराला आणि खोल्या दुसऱ्या घरात, अशी ही स्थिती आहे.

सेटअपने असे का केले, हेही सांगतो. विंडोज कुठे बसवायचे हे तो विचारतो. बूटची सामग्री कुठे ठेवायची हे कोणत्याही पडद्यावर विचारत नाही. एखाद्या डिस्कवर ईएफआय पार्टिशन आधीच असेल तर बहुधा तेच वापरून तो मोकळा होतो. सॅटा (केबलने जोडायच्या) हार्ड डिस्कला क्रमांक ० आणि एनव्हीएमई एसएसडीला क्रमांक १ मिळणे हेही पुष्कळ मदरबोर्डांवर दिसते. म्हणून इन्स्टॉल करण्यापूर्वी बाकीच्या डिस्कच्या केबल काढून ठेवण्याची सवय मी माझ्याकडे काम शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्या दिवसापासून लावतो.

आता कृती. आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे लिहीत आहे. टंकताना त्या रोमन लिपीत टंकाव्यात; आज्ञेतील 'बरोबर' म्हणजे = हे चिन्ह आणि 'तिरकी रेघ' म्हणजे / हे चिन्ह.

दोन्ही डिस्क जोडलेल्या असू द्याव्यात आणि संगणक यूपीएसवर असावा. प्रथम सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कवरील मजकूर कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते पाहावे. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग इन केले असेल तर ते आपोआप चालू झालेले असू शकते. चालू असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्यावी आणि काम होईपर्यंत संरक्षण स्थगित ठेवावे. ही पायरी वगळली तर पुढच्या वेळी संगणक ती की मागू शकतो, आणि ती हाताशी नसल्यास सी ड्राइव्ह उघडणार नाही.

मग कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'डिस्कपार्ट' हे पार्टिशन हाताळणारे साधन चालवावे. 'लिस्ट डिस्क' दिल्यावर जी यादी येते तिच्यात क्रमांकावर विसंबू नये, आकार पाहावा. ५०० जीबीची डिस्क ४६५ जीबीच्या आसपास दिसेल आणि १ टीबीची ९३१ जीबीच्या आसपास. त्यानंतर 'लिस्ट व्हॉल्यूम' देऊन सी ड्राइव्हचा क्रमांक शोधावा, 'सिलेक्ट व्हॉल्यूम' आणि तो क्रमांक द्यावा, आणि 'श्रिंक डिझायर्ड' बरोबर ३०० असे लिहून सी ड्राइव्हच्या शेवटी ३०० एमबी जागा मोकळी करून घ्यावी. सी मधील फाइलना याने धक्का लागत नाही. पुढे 'सिलेक्ट डिस्क' देऊन एसएसडी निवडावी आणि 'क्रिएट पार्टिशन ईएफआय साइज' बरोबर २६० अशी आज्ञा द्यावी. २६० हा आकडा मी मुद्दाम देतो: ४ केबीच्या सेक्टरच्या (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा सर्वांत लहान कप्पा) डिस्कवर फॅट३२ ला याहून लहान पार्टिशन पुरत नाही, आणि एवढे ठेवले की डिस्क कोणतीही असली तरी चालते. ते 'फॉरमॅट क्विक एफएस' बरोबर फॅट३२ या आज्ञेने फॉरमॅट करावे, 'असाइन लेटर' बरोबर एस देऊन त्याला तात्पुरते अक्षर द्यावे आणि 'एक्झिट' करून डिस्कपार्टमधून बाहेर पडावे.

यानंतरची एकच ओळ मुख्य आहे. 'बीसीडीबूट', मग सी ड्राइव्हमधील विंडोज फोल्डरचा मार्ग, मग तिरकी रेघ एस आणि 'एस' कोलन, मग तिरकी रेघ एफ आणि 'यूईएफआय'. बूट फाइल यशस्वीरीत्या तयार झाल्या असा संदेश आला की नवे सिस्टिम पार्टिशन तयार झाले. दुसरा काही संदेश आला तर तिथेच थांबून तो जसाच्या तसा येथे लिहावा.

आता शिफ्ट दाबून धरून शटडाउन करावे, म्हणजे फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होण्यासाठी अर्धवट बंद होण्याची सोय) मध्ये न येता संगणक पूर्ण बंद होतो. वीज काढून जुन्या डिस्कची केबल काढावी आणि संगणक सुरू करावा. जुन्या डिस्कवरील काहीही अद्याप पुसायचे नाही. नवे पार्टिशन चालते की नाही याची खरी परीक्षा जुनी डिस्क बाहेर असतानाच होते, आणि ते चाललेच नाही तर केबल परत लावून आपण आज जिथे आहात तिथे येऊ शकता. या मार्गाची मला वाटणारी सर्वांत मोठी जमेची बाजू हीच आहे.

उद्यमनगरकर

इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल मनापासून आभारी आहे. दोन शंका आहेत. नवे पार्टिशन सी ड्राइव्हच्या नंतर येईल. ते डिस्कच्या सुरुवातीलाच असावे लागते असे वाचले होते. आणि सोमवार उजाडण्याआधीच जुनी डिस्क पूर्ण बंद पडली, तर एसएसडीवरील विंडोज गेले असे समजायचे का?

संगणकसेवक

सुरुवातीला असावे ही शिफारस आहे, अट नाही. फर्मवेअर पार्टिशनचा प्रकार पाहते, त्याची जागा नव्हे. केवळ क्रम नीटनेटका दिसावा म्हणून सी ड्राइव्ह पुढे सरकवणारी सॉफ्टवेअर वापरू नयेत; त्यात शेकडो जीबींची हलवाहलव होते आणि मध्येच वीज गेली तर खरे नुकसान तेव्हा होईल.

जुनी डिस्क आधीच गेली तरी विंडोज सुरक्षित राहील. विंडोज ११ चा पेनड्राइव्ह लावून सुरू करावे, सेटअपच्या पहिल्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबावे, कमांड प्रॉम्प्ट उघडेल आणि याच सर्व आज्ञा तिथे देता येतील. फरक एवढाच की तिथे सी हे अक्षर भलत्याच पार्टिशनला मिळालेले असू शकते, म्हणून फोल्डरची यादी दाखवणारी 'डीआयआर' ही आज्ञा देऊन विंडोज फोल्डर कुठे आहे याची खात्री करून मगच बीसीडीबूट चालवावे.

पन्हाळ्याच्या वाटेवर

थोडी भर घालतो. हीच अडचण उबंटू या लिनक्स प्रणालीच्या जुन्या इन्स्टॉलरमध्येही येत असे. बूटलोडरसाठी दुसरी डिस्क निवडली तरी तो पहिल्या डिस्कवरील ईएफआय पार्टिशनमध्ये जाऊन बसत असे. तिथे एफएसटॅब या (कोणते पार्टिशन कुठे जोडायचे याच्या) फाइलमध्ये नव्या पार्टिशनचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, लिहून, ते बूट फोल्डरमधील ईएफआय या जागी माउंट करून (जोडून) ग्रब हा बूटलोडर पुन्हा इन्स्टॉल करावा लागतो. पार्टिशन तयार करण्याचा भाग जवळपास सारखाच आहे.

उद्यमनगरकर

सोमवारी काम केले. डिव्हाइस एन्क्रिप्शन खरोखरच चालू निघाले, आणि ते आपण सांगितले नसते तर मी पाहिलेही नसते. श्रिंक, नवे पार्टिशन आणि बीसीडीबूट या तिन्ही गोष्टी पहिल्याच प्रयत्नात झाल्या. मात्र जुनी डिस्क काढल्यावर तोच काळा पडदा पुन्हा आला. घाईने काही न करता बायोसमध्ये जाऊन पाहिले, तर बूटच्या क्रमात सर्वांत वर जुन्या डिस्कची नोंद होती आणि एसएसडीचे नाव यादीत तळाशी होते. ते वर आणून जतन केले आणि विंडोज लगेच सुरू झाले. त्यानंतर तीनदा पूर्ण बंद करून सुरू केले. काही अडचण आली नाही. ड्रॉइंगचे सॉफ्टवेअर परवान्यासह चालू आहे.

संगणकसेवक

फार बरे वाटले. बायोसमधील क्रमाचा उल्लेख मी पहिल्याच उत्तरात करायला हवा होता. फर्मवेअर स्वतःची बूट नोंद मदरबोर्डवर ठेवते आणि ती जुन्या पार्टिशनकडे बोट दाखवत राहू शकते.

एक गोष्ट उरली आहे. अॅडमिनिस्ट्रेटरच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'रीएजंटसी' आणि तिरकी रेघ 'इन्फो' देऊन पाहावे. विंडोजची दुरुस्तीची व्यवस्था, म्हणजे विंडोज आरई, हीसुद्धा जुन्या डिस्कवर राहिली असण्याची शक्यता आहे.

उद्यमनगरकर

पाहिले. आपला अंदाज खरा ठरला. जुनी डिस्क काढलेली असल्यामुळे स्थिती 'डिसेबल्ड' दिसते आणि जागा रिकामी आहे.

संगणकसेवक

मग जुनी डिस्क एकदा, शेवटची, जोडावी. बायोसमधील क्रम बदलू नये, म्हणजे संगणक एसएसडीवरूनच सुरू होईल. स्थिती 'एनेबल्ड' झाली आणि जागेत हार्डडिस्क ० असे दिसले, तर 'रीएजंटसी' आणि तिरकी रेघ 'डिसेबल' द्यावे. त्याने दुरुस्तीची प्रतिमा सी ड्राइव्हच्या सिस्टिम३२ मधील रिकव्हरी फोल्डरात परत येते. संगणक बंद करून डिस्क काढावी, पुन्हा सुरू करून त्याच रीतीने 'एनेबल' द्यावे, आणि 'इन्फो'मध्ये आता एसएसडीची जागा दिसते ना ते पाहावे. डिव्हाइस एन्क्रिप्शनचे स्थगित केलेले संरक्षण त्यानंतरच पुन्हा चालू करावे, आणि डिस्कपार्टमधून नव्या पार्टिशनचे एस हे अक्षर काढून टाकावे.

उद्यमनगरकर

सांगितल्या क्रमाने केले. आता 'एनेबल्ड' असे येते आणि जागा सी ड्राइव्हवरची दिसते. एस अक्षर काढले, एन्क्रिप्शन चालू केले, आणि रिकव्हरी कीचा कागद वर्कशॉपच्या कपाटात बिलबुकांबरोबर ठेवला आहे. जुन्या डिस्कवर 'टकटक, वापरू नये' अशी चिठ्ठी चिकटवून ती बाजूला ठेवली आहे.