मदत हवी आहे: व्हीटीईएसमध्ये मलकेव्हियन खेळताना बाउन्सपुढे टिकायचं कसं?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी,

'व्हॅम्पायर: द इटर्नल स्ट्रगल', म्हणजे व्हीटीईएस, इथे कुणी खेळतं का? कामानिमित्त स्पेनमध्ये असतो, इथे या खेळाचा चाहता वर्ग चांगला आहे. ऑफिसातल्या एकाने ओढून नेलं आणि लागलं वेड.

माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. 'मॅजिक: द गॅदरिंग'वाल्या रिचर्ड गारफिल्डनेच केलेला पत्त्यांचा खेळ, १९९४ साली 'जिहाद' नावाने आला आणि पुढच्या वर्षी आत्ताचं नाव मिळालं. चार-पाच जण गोल बसतात. प्रत्येकाकडे ३० पूल, म्हणजे जीवाचे गुण. डावीकडचा तो आपला प्रे (भक्ष्य), उजवीकडचा प्रीडेटर (शिकारी). आपण प्रेचा पूल संपवायचा, तोवर प्रीडेटर आपला संपवत असतो. प्रे बाद झाला की आपल्याला १ व्हिक्टरी पॉइंट आणि ६ पूल. व्हॅम्पायर मैदानात आणायचे तेही याच पूलमधून, म्हणजे आपलाच जीव मोडून सैन्य उभं करायचं.

मी मलकेव्हियन, म्हणजे वेड्या व्हॅम्पायरांचा क्लॅन (घराणं), घेतले आहेत. २०२० च्या फिफ्थ एडिशनमधला तयार डेक, त्यात थोडे सुटे आणि एकाकडून घेतलेले जुने पत्ते. ऑस्पेक्स, डॉमिनेट, ऑब्फस्केट या तीन डिसिप्लिन, म्हणजे व्हॅम्पायरच्या शक्ती, बेसिक किंवा त्यावरच्या सुपीरियर पातळीच्या. योजना सरळ: ऑब्फस्केटने स्टेल्थ चढवायचा म्हणजे कुणी अडवू शकत नाही, आणि डॉमिनेटने ब्लीड, म्हणजे प्रेच्या पूलवरचा हल्ला, फुगवायचा. 'गव्हर्न द अनअलाइन्ड'ने +२, वर सुपीरियर 'कंडिशनिंग'ने +३, मूळचा १ धरून ६ चा ब्लीड.

दुखणं असं. प्रेकडे डॉमिनेट किंवा ऑस्पेक्स असेल तर तो अडवायला जातच नाही. शांतपणे 'डिफ्लेक्शन' टाकतो आणि माझा ६ चा ब्लीड त्याच्या प्रेवर जाऊन आदळतो. हाच तो बाउन्स. परवा तर पलीकडच्याचा पूल ५ होता. तो बाद झाला, पॉइंट आणि ६ पूल मिळाले माझ्या प्रेला! मेहनत माझी, आयत्या बिळावर नागोबा तो. मग माझे सगळे व्हॅम्पायर लॉक (वापरून झालेले, पत्ता आडवा), आणि उजवीकडचा निवांत येऊन मला संपवतो.

यादी: मास्टर (खेळाडूने स्वतः खेळायचे पत्ते) १२, गव्हर्न ८, कंडिशनिंग ८, बाकी ब्लीड वाढवणारे ७, स्टेल्थचे सगळे मिळून २६, डिफ्लेक्शन ३, 'टेलिपॅथिक मिसडायरेक्शन' (ऑस्पेक्सचा बाउन्स) २, वेक (लॉक व्हॅम्पायरलाही प्रतिसाद देऊ देणारे) २, डिमेंटेशन या आणखी एका डिसिप्लिनचे ६, किरकोळ ६. एकूण ८०. क्रिप्टमध्ये, म्हणजे व्हॅम्पायरांच्या वेगळ्या गठ्ठ्यात, १२ व्हॅम्पायर, बहुतेक ६ ते ८ कपॅसिटीचे (आणायला तेवढे पूल लागणारे).

जाणकारांनी प्रकाश टाकावा. क्लॅन बदला असं कृपया सांगू नका, मला हेच वेडे आवडतात.

उंटावरचा शहाणा

क्लॅन बदला. 😄

गंमत सोडा. परवाच्या त्या ब्लीडमध्ये कंडिशनिंग तुम्ही केव्हा टाकलंत, प्रेने डिफ्लेक्शन खेळण्याआधी की नंतर?

रात्रपाळी

आधी. त्याने "ब्लॉक नाही" म्हटलं आणि मी लगेच टाकलं. नंतर टाकायला संधी मिळेल याची खात्री कुठे असते?

उंटावरचा शहाणा

नसतेच, आणि सगळी मेख तिथेच आहे. ब्लॉक नाकारल्यानंतर पत्ता खेळण्याचा पहिला हक्क ॲक्शन करणाऱ्याचा. तुम्ही पास म्हणालात आणि बाकीचेही पास म्हणाले, तर ब्लीड ३ वरच लागू होतो, कंडिशनिंग हातात राहतं. पण तुम्ही पास म्हणालात आणि प्रेने डिफ्लेक्शन टाकलं, तर भलत्या माणसावर जातात ३, सहा नाही. म्हणजे दर वेळी एक सौदा आहे: ३ पूलचं जास्तीचं नुकसान करायची संधी सोडायची की चुकीच्या माणसाला ६ बसायचा धोका पत्करायचा.

माझा ठोकताळा असा. कंडिशनिंग दोनच वेळा. एक, त्याने प्रे त्याच क्षणी बाद होणार असेल तेव्हा. दोन, प्रेचे सगळे व्हॅम्पायर लॉक आहेत आणि त्याचा वेक नुकताच खर्ची पडलाय तेव्हा. एरवी गव्हर्नचा ३ चा ब्लीड पुरेसा बोचतो. शिवाय 'आर्कन इन्व्हेस्टिगेशन' बाळगणारे लोक मोठ्या ब्लीडचीच वाट बघत बसलेले असतात. एका फटक्यात तुमचा व्हॅम्पायर जळून जातो.

आणि टाकण्याआधी प्रेच्या प्रेचा पूल बघा हो. तो ५ वर असताना ६ चा ब्लीड डावीकडे सोडणं म्हणजे प्रेला बक्षीस देणं.

तिरफळ

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण मला यादीतली खरी गडबड वेगळीच दिसते. गव्हर्न तुम्ही फक्त ब्लीडसाठी वापरताय का?

सुपीरियर डॉमिनेट असलेला व्हॅम्पायर गव्हर्न दुसऱ्या प्रकारे खेळू शकतो: अनकंट्रोल्ड रीजनमधल्या (अजून मैदानात न आलेल्या) स्वतःपेक्षा कमी कपॅसिटीच्या व्हॅम्पायरवर बँकेतून, म्हणजे सामायिक साठ्यातून, ३ रक्त ठेवायचं. १ रक्त खर्चून ३ पूल वाचले. मलकेव्हियन, व्हेंट्रू, ट्रिमेअर, डॉमिनेटवाल्या सगळ्यांचं घर यावर चालतं आणि नवे खेळाडू नेमकं हेच सोडून पहिल्या वळणापासून ब्लीड मारत सुटतात.

हिशोब करून बघा. ८, ७ आणि ६ असे तिघे पूलमधून आणलेत तर गेले २१, उरले ९. नऊवर बसलेल्या माणसाला कुठलाही प्रीडेटर दोन वळणांत उचलतो. त्याऐवजी एक ७ चा पूलमधून आणा. मग ५ चा: ३ बँकेचे, २ तुमचे. मग ४ चा: ३ बँकेचे, १ तुमचा. तिघे मैदानात, खर्च १०, हातात २०. वर 'व्हिलिन'सारखा मास्टर असेल तर व्हॅम्पायरवरचं रक्त पूलमध्ये ओढता येतं. बँकेने दिलेलं रक्तच फिरून तुमच्या पूलमध्ये येतं. मला या खेळात याहून गोड काही वाटत नाही.

म्हणून क्रिप्ट बदला. सगळे ६ ते ८ चे ठेवलेत तर गव्हर्न खाली करायला धाकटा असतोच कुठे? दोन-तीन मोठे, सुपीरियर डॉमिनेटवाले, आणि बाकीचे ३ ते ५ चे.

एक सावधगिरी. ही ॲक्शन कुणावर रोखलेली नसते, त्यामुळे प्रे आणि प्रीडेटर दोघेही अडवू शकतात. उजवीकडे इंटरसेप्टवाला (स्टेल्थला तोड देऊन अडवणारा) बसला असेल तर यासाठीही एखादा स्टेल्थचा पत्ता राखून ठेवा.

रात्रपाळी

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण पहिली तीन-चार वळणं ब्लीडच केला नाही तर प्रे सावरून बसणार नाही का? स्टेल्थ ब्लीडचा जोरच वेगात आहे असं इथले सगळे म्हणतात.

तिरफळ

पाच जणांच्या टेबलवर घाई कसली? स्पर्धेत दोन तास असतात आणि गेम विन मिळायला किमान २ पॉइंट लागतात, तेही इतर प्रत्येकापेक्षा जास्त. पहिला प्रे झटपट पाडून ६ पूलवर धापा टाकत बसलात, तर एका पॉइंटचं लोणचं घालायचंय का?

चिंचपोकळीचा काउंट

उशिरा येतोय. वरच्या दोघांनी हल्ल्याचं सांगितलं, मी बचावाचं सांगतो, कारण धागाकर्त्याला मारतो तो उजवीकडचा.

तुझ्याकडे ऑस्पेक्स आणि डॉमिनेट दोन्ही आहे. या खेळात बाउन्ससाठी याहून बरी जोडी नाही, आणि तू मिळून ५ पत्ते घातलेस! ज्या डिफ्लेक्शनने तुझी झोप उडवलीय ते तूही खेळ ना. प्रीडेटरचा ब्लीड तू तुझ्या प्रेवर ढकललास आणि त्यात तो बाद झाला, तर पॉइंट तुझा, ६ पूल तुझे. प्रीडेटर राबला, फळ तुला. बचावाचा पत्ता आहे असं समजूच नकोस त्याला.

दुसरं, ब्लीड करून आलेला व्हॅम्पायर तुझ्या पुढच्या अनलॉक फेजपर्यंत लॉकच असतो आणि लॉक असलेला वेकशिवाय काही करू शकत नाही. म्हणून एक जण कायम घरी. सुपीरियर डॉमिनेटवाला घरी ठेवलास तर तो डिफ्लेक्शन खेळूनही लॉक होत नाही, एकाच वळणात दोन-तीन ब्लीड परतवतो. बेसिक पातळीवर खेळलास तर लॉक होतो. हा फरक छोटा दिसतो, पण प्रीडेटर तीन व्हॅम्पायर घेऊन आला की कळतो. त्याच्या अंगावर रक्त मात्र ठेव, दर डिफ्लेक्शनला १ लागतं. व्हिलिनच्या मोहात त्यालाच कोरडा करू नकोस.

वेक २ म्हणजे काहीच नाही. 'ऑन द की वीव्ह' ५-६ तरी हवेत. डिफ्लेक्शन ६, टेलिपॅथिक ४.

रात्रपाळी

काउंट, मग जागा कुठून काढू? स्टेल्थ कमी केला तर अडवतील.

चिंचपोकळीचा काउंट

२६ स्टेल्थ कुणासाठी आहेत बाबा? समोर इंटरसेप्ट नसलेला माणूस बसला की सात पत्त्यांच्या हातात पाच स्टेल्थ कुजत पडतात. खेळल्याशिवाय नवा पत्ता येत नाही आणि डिसकार्ड फेजमध्ये एकच टाकता येतो. १८ कर. त्यातही दुहेरी कामाचे बघ. 'स्वॉलोड बाय द नाइट' बेसिकला स्टेल्थ देतं आणि सुपीरियरला मारामारीत मॅन्युव्हर, म्हणजे ब्रुहा क्लॅनच्या तावडीत सापडलास तर लांब सरकता तरी येतं. 'लॉस्ट इन क्राउड्स' राहू दे, सुपीरियरला एकाच पत्त्यात +२ मिळतात.

आणि ते डिमेंटेशनचे ६ पत्ते कशाला? फिफ्थ एडिशनच्या मलकेव्हियनांकडे डॉमिनेट आहे. डिमेंटेशन मधल्या काळातल्या छपाईतल्या बऱ्याच मलकेव्हियनांकडे होतं, त्या जुन्या गठ्ठ्यातून आलं असणार. काढून टाक. जुने व्हॅम्पायरही घातले असशील तर पत्त्यांवरचे ग्रुपचे आकडे तपास. क्रिप्टमध्ये एकच ग्रुप किंवा लागून येणारे दोनच चालतात.

उंटावरचा शहाणा

यात टेबलवरचं बोलणं कुणी काढलंच नाही. सौदेबाजीला पूर्ण मुभा आहे आणि मलकेव्हियनवाला गप्प बसला की मेला. सगळ्यांना ठाऊक असतं तुम्ही काय करणार आहात.

प्रेचा प्रे हा तुमचा अर्धाच मित्र. बाउन्सचा फटका त्याला बसतो, म्हणून त्याला सांगा, "मी मोठा ब्लीड तुझ्याकडे येऊ देणार नाही, तू माझ्या प्रेला उभारी येऊ देऊ नकोस." पण तुमचा प्रे पडला की पुढचा नंबर त्याचा, हे त्यालाही कळतं, त्यामुळे फार भरवसा नको. खरा मित्र उजवीकडून दुसरा, तुमच्या प्रीडेटरचा प्रीडेटर. तो जोरात असेल तर तुमचा प्रीडेटर मागे बघत खेळतो. पाचच्या टेबलवर शक्य असेल तेव्हा त्याला मदत करा, अगदी एखादं मत त्याच्या बाजूने टाकून का होईना.

तिरफळ

प्रेचे बाउन्स संपवायचे कसे हे राहिलं. क्रम उलटा लावा. आधी धाकट्याचा साधा १ चा ब्लीड. बाउन्स केला तर त्याचा पत्ता आणि १ रक्त गेलं, तुमचं जवळपास काहीच नाही. नाही केला तर १ पूल गेला. मग गव्हर्नवाला. शहाणा प्रे १ चा ब्लीड खाऊन मोठ्याची वाट बघतो, पण पूल ८ च्या खाली आला की हात थरथरतोच.

रात्रपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. नवी यादी: मास्टर १४, त्यात व्हिलिन ४. गव्हर्न १०, कंडिशनिंग ५, इतर ब्लीड ४, स्टेल्थ १८, डिफ्लेक्शन ६, टेलिपॅथिक ४, वेक ६, किरकोळ ५. एकूण ७२. क्रिप्टमध्ये ७-८ चे चार, बाकी ३ ते ५ चे.

एक शंका उरली: पहिल्या हातात गव्हर्न आलंच नाही तर?

चिंचपोकळीचा काउंट

७२ मध्ये १० आहेत, येईल. तोवर ७ चा बाहेर काढ, १ चा ब्लीड मार आणि 'मी गरीब, माझ्याकडे काही नाही' असं सगळ्यांना सांगत बस. कंडिशनिंगचं पाचवं पान काढून आणखी एक वेक घाल.

उंटावरचा शहाणा

पाचवं कंडिशनिंग राहू द्या. शेवटच्या दोघांच्या लढतीत ते नसलं की फार चुटपुट लागते.