देवगड किनाऱ्यावर दुर्मिळ सक्युलंट बियांपासून: आत्ता फेब्रुवारीत पेरू की थांबू?

सडा_आणि_समुद्र:

नमस्कार. जागा देवगडजवळ, समुद्रापासून साधारण दीड किलोमीटर आत. हातात सक्युलंटच्या (खोडा-पानांत पाणी साठवणाऱ्या झाडांच्या) बिया अशा: ॲस्ट्रोफायटम ॲस्टेरियास २५, एरिओकार्पस रेट्युसस २० (हे दोन्ही निवडुंग), युफोर्बिया ओबेसा १०, लिथॉप्स मिश्र १००, ॲडेनियम अरेबिकम ३०. सगळ्या इथल्याच संग्राहकांच्या, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोळा केलेल्या.

घराची पूर्वेकडची पडवी मोकळी आहे, सकाळी ८ ते १० ऊन येतं. पांढऱ्या एलईडीच्या दोन पट्ट्या लावता येतील. मिश्रण कोकोपीट, वाळू आणि गांडूळखत समान भाग घ्यायचा विचार आहे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये पेरलेल्या ॲस्टेरियासची उगवण ७० टक्क्यांच्या आसपास होती. जुलैअखेर ४० पैकी ५ रोपं राहिली. बुंधा काचेसारखा पारदर्शक होऊन रोपं आडवी पडत गेली. तर आत्ता पेरावं का, मिश्रण बरोबर आहे का, आणि झिपच्या पिशवीत ठेवावं की उघडं?

मिरगाआधी:

उगवण भरपूर आणि जुलैत मर, म्हणजे बियाणं चांगलं होतं, पेरणीचा महिना चुकला. देशावरचे लोक थंडी संपली की पेरतात. त्यांना जूननंतरही उघडीप मिळते, वारा कोरडा असतो. आपल्याकडे जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरपर्यंत कुंडी नीट वाळतच नाही. म्हणून इथे पेरणीची तारीख मिरगापासून मागे मोजून काढायची. मिरग लागेल तेव्हा रोप एकतर अंगानं भरलेलं हवं, नाहीतर अजून बंद पिशवीत हवं. पिशवीतून नुकतं बाहेर काढलेलं मुगाएवढं रोप पावसाळा काढत नाही. तुमची ३५ रोपं याच अवस्थेत सापडली.

ॲडेनियम आत्ताच पेरा. बी ताजं असेल आणि तापमान २८ ते ३२ अंश असेल तर ३ ते ७ दिवसांत वर येतं, आणि जूनपर्यंत बुंधा करंगळीएवढा होतो. बी उभं खोचू नका. आडवं ठेवून वर जेमतेम ५ मिमी मिश्रण पसरा. हे बी टिकाऊ नाही, काही महिन्यांत त्याचा जोर ओसरतो, त्यामुळे राखून ठेवण्यात अर्थ नाही.

युफोर्बिया ओबेसाही चालेल. २५ ते ३० अंशांना एक-दोन आठवड्यांत उगवतो आणि रोप सुरुवातीपासूनच दणकट असतं. दहाच्या दहा बिया पेरा. यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि फूल येईपर्यंत ओळखता येत नाहीत. दोन-तीनच झाडं ठेवलीत आणि सगळी नरच किंवा सगळी मादीच निघाली तर पुढे घरचं बी मिळणार नाही. फळ धरलं की त्यावर जाळीदार कापडाची टोपी बांधायची, कारण बोंड पिकल्यावर तडकून तिन्ही बिया लांब उडवतं.

ॲस्टेरियास आणि एरिओकार्पस मी ऑक्टोबरपर्यंत थांबवेन. तोवर घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलची पुडी घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. ऑक्टोबरचं ऊन त्यांच्या उगवणीला हवं तसंच असतं, आणि पुढच्या मिरगापर्यंत आठ महिने हातात राहतात.

लिथॉप्स मात्र आत्ता नको. त्याला १५ ते २५ अंश लागतात आणि रात्र दिवसापेक्षा स्पष्ट गार लागते. किनाऱ्यावर असा काळ नोव्हेंबरअखेर ते जानेवारी एवढाच. कणकवली-सावंतवाडीकडे घाटाच्या पायथ्याला रात्री जास्त उतरतात, तिथे जरा सोपं जातं. लिथॉप्समध्येही सगळे सारखे नाहीत. लेस्लिआय आणि ऑकॅम्पी मुळात उन्हाळी पावसाच्या भागातले, ते आपल्याकडे त्यातल्या त्यात तग धरतात. ऑप्टिका हिवाळी पावसाचा, तो इथे फार अवघड. मिश्र पाकिटात काय आहे हे कळत नाही, म्हणून पुढच्या वेळी जातीचं नाव असलेलं बी घ्या. निळे लिथॉप्स म्हणून जे फोटो फिरतात ते रंगवलेले असतात, तसं बी कुठेच नाही.

कौलारू:

मिश्रणाबद्दल: गांडूळखत पूर्ण काढून टाका. त्यातला सेंद्रिय भाग सतत ओला राहतो आणि बुरशीची माशी नेमकी तिथेच अंडी घालते. ती छोटी काळी माशी त्रास देत नाही, तिची पारदर्शक अळी देते. ती रोपाचं कोवळं मूळ खाते आणि त्या जखमेतून कूज शिरते. बुंधा काचेसारखा होण्यामागे पुष्कळदा हीच असते.

किनाऱ्यावरची वाळू धुतली तरी नको. मीठ निघेल, शिंपल्यांचा चुरा राहील, आणि तो मिश्रण चुनखडीचं करतो. नदीची जाड वाळू चालते. आपल्याकडे सगळ्यात चांगली वस्तू फुकट मिळते ती म्हणजे फुटकी मंगलोरी कौलं. हातोडीनं फोडा, १ आणि ३ मिमीच्या चाळणीतून काढा, मधला भाग घ्या, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. भाजलेली माती असल्यामुळे ती विरघळत नाही आणि पाणी धरून हळूहळू सोडते.

जांभ्याचा चुराही चालतो, पण चिरेखाणीवर यंत्राखाली पडलेली लाल पूड उचलून आणू नका. ती वाळली की विटेसारखी घट्ट बसते. जांभ्याचे दाणे रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी चिमटीत चोळा. बोटाला चिखल लागला तर तो जांभा मऊ आहे, टाकून द्या. दाणा दाण्यासारखा राहिला तर घ्या.

कोकोपीट नारळाच्या सोडणाचं, त्यात मीठ असतंच. विटा गोड्या पाण्यात फुलवून पिळायच्या, असं तीनदा. पाण्यावरही लक्ष ठेवा. समुद्राजवळच्या बऱ्याच विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. त्या पाण्यानं कुंडीच्या काठाला पांढरी पापडी धरते आणि रोपांची मुळं टोकाकडून तपकिरी होतात. गाळून उकळलेलं पावसाचं पाणी किंवा आरओचं पाणी वापरा.

प्रमाण: निवडुंग, युफोर्बिया आणि ॲडेनियमसाठी कौलाचा चुरा २ भाग, धुतलेलं बारीक कोकोपीट १ भाग, परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खनिज दाणे) १ भाग. लिथॉप्ससाठी चुरा आणि परलाइट मिळून ४ भाग, कोकोपीट १ भाग. खत काहीच नाही. रोपाला काटे किंवा खऱ्या पानांची जोडी दिसू लागली की विद्राव्य १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश समान) लिटरला अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदा.

निर्जंतुक करायला घरचा कुकर पुरतो. मिश्रण मुठीत दाबल्यावर गोळा होईल पण पाणी गळणार नाही इतपत ओलं करा, स्टीलच्या डब्यात सैल भरा, कुकरमध्ये खाली पाणी घाला. पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर ३० मिनिटं. डबा झाकलेलाच थंड होऊ द्या. उघडा ठेवलात तर इथल्या हवेतली बुरशी तासाभरात परत बसते.

बंद_पिशवी:

वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत, फक्त ॲस्टेरियास आणि एरिओकार्पस ऑक्टोबरपर्यंत थांबवायचं कारण मला पटत नाही. पिशवी खरोखर निर्जंतुक असेल तर आतल्या रोपाला बाहेर पाऊस आहे की ऊन याच्याशी काही घेणं नाही. आत्ता पेरा आणि पावसाळाभर पिशवी उघडूच नका. ऑक्टोबरमध्ये उघडताना रोपं आठ महिन्यांची असतील. एरिओकार्पस मुळातच इतका सावकाश वाढतो की त्याला सहा ते बारा महिने पिशवीत ठेवणं चांगलंच मानवतं. शिवाय ॲस्टेरियासचं बी इतर निवडुंगांच्या मानानं लवकर जुनं होतं.

अट एकच, पेरताना हयगय नको. बी ३ टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये १० मिनिटं ठेवून टिपकागदावर काढायचं. दोन इंची प्लास्टिकच्या कुंड्या गरम पाण्यात धुवून घ्यायच्या. बी वरच ठेवायचं, झाकायचं नाही. ॲस्टेरियासचं बी खोलगट टोपीसारखं असतं, त्याचा पोकळ भाग खाली टेकला की मूळ सरळ मातीत शिरतं. कुंडी पिशवीत घालून झिप लावायची. आतल्या बाजूला बारीक दवबिंदू दिसले तर ओल बरोबर आहे. तळाशी पाणी साठलं तर मिश्रण जास्त ओलं झालं. ३ ते ७ दिवसांत हिरवे ठिपके दिसतील.

या पिशवीवर थेट ऊन पडता कामा नये. सकाळचं कोवळं ऊनसुद्धा आतलं तापमान बघता बघता ४५ अंशांपलीकडे नेतं आणि रोपं शिजतात. म्हणून पडवीतली ती ८ ते १० ची जागा ॲडेनियमला द्या आणि पिशव्या एलईडीखाली २० ते २५ सेंमी अंतरावर, १२ ते १४ तास. रोप उंच आणि फिकं होत असेल तर दिवा जवळ घ्या, लालसर-तपकिरी होत असेल तर लांब करा.

ॲडेनियमला मात्र पिशवी नकोच. उगवला की दोन दिवसांत मोकळ्या हवेत काढायचा.

सडा_आणि_समुद्र:

खूप आभार. ॲस्टेरियास निम्मे आत्ता पिशवीत आणि निम्मे ऑक्टोबरला, असं करतो. दोन शंका. गेल्या वेळी काही रोपांच्या बियांची टोपी (टरफल) डोक्यावरच अडकून राहिली होती आणि काहींचं मूळ मातीत न जाता हवेत वर आलं होतं. आणि मर सुरू झालीच तर औषध कोणतं? मागे कार्बेन्डाझिम वापरलं होतं, काही उपयोग झाला नाही.

कौलारू:

टोपी ओढून काढू नका. तिच्या कडेला रोपाचा कोवळा गर चिकटलेला असतो, ओढली की साल निघते. उकळून गार केलेल्या पाण्याचा एक थेंब टोपीवर सोडा आणि दुसऱ्या दिवशी टाचणीच्या बोथट डोक्यानं कडेनं हलकेच ढकला. मूळ वर आलं असेल तर दातकोरणीनं शेजारी ३ मिमीचं भोक पाडून त्यात मूळ सरकवा, किंवा रोप आहे तिथेच ठेवून भोवती चुऱ्याचे बारीक दाणे लावा. मूळ सुकून सुतासारखं होण्याआधी, उगवल्यापासून दोन-तीन दिवसांत हे करायला हवं.

औषधाचं म्हणाल तर काचेसारखी ओली मर बहुतेक वेळा पिथियम या बुरशीसारख्या जंतूची असते आणि कार्बेन्डाझिम पिथियमवर चालत नाही. मेटालॅक्सिल आणि मॅन्कोझेब एकत्र असलेलं औषध लिटरला २ ग्रॅम, कुंडीत खालून शोषू द्या. आडवं पडलेलं रोप भोवतीच्या चमचाभर मातीसकट उचलून टाका, शेजाऱ्याला वाचवायचं असेल तर उशीर नको. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) वापरायचा असेल तर या औषधांबरोबर नाही, ती त्यालाही मारतात.

मिरगाआधी:

पिशवीचा मुद्दा मान्य, एरिओकार्पससाठी तर नक्कीच. माझी भीती पिशवी मध्येच उघडण्याची आहे. जुलैत एका कुंडीत बुरशीचा कापूस दिसतो, माणूस पिशवी उघडतो, आणि मग ती कुंडी उघडीच राहते. म्हणून प्रत्येक कुंडीला वेगळी पिशवी द्या, सगळ्या एका मोठ्या पिशवीत नको. उघडायची वेळ आली की झिप पहिल्या आठवड्यात एक सेंटिमीटर, दुसऱ्यात अर्धी, तिसऱ्यात पूर्ण.

ॲडेनियम आणि ओबेसाच्या पावसाळ्यासाठी वर पारदर्शक पत्रा हवा. पश्चिमेची बाजू बंद ठेवा, खारे वारे तिकडून येतात. रोपांवरून दिवसभर मंद वारा फिरता ठेवा, संगणकातला १२ व्होल्टचा छोटा पंखा पुरतो आणि वीज गेली तर बॅटरीवर चालतो. पाणी वारावर देऊ नका, वजनावर द्या. कुंडी पूर्ण कोरडी आणि पूर्ण भिजलेली असताना स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून दोन्ही आकडे कुंडीवरच लिहा. कोरडी १२० आणि ओली १६५ ग्रॅम असेल, तर १३० च्या खाली उतरल्याशिवाय पाणी नाही. संततधारेत हे अंतर पंधरा-वीस दिवसांचंही होतं. माती वरून सुकलेली दिसते आणि खाली ओली असते, काटा फसत नाही.

रानकंदील:

एक जोड. पावसाळ्याशी झुंजणाऱ्या झाडांबरोबर पावसाळ्यातच वाढणारं एक झाड ठेवून बघा: आपली शिंदळ माकुडी, म्हणजे फ्रेरिया इंडिका. महाराष्ट्राबाहेर ती रानात कुठेच नाही. शिवनेरी, सज्जनगडासारख्या डोंगरांच्या कड्यांवर उगवते, पावसात पानं धरते आणि फुलते, उन्हाळ्यात पानं गाळून नुसत्या जाड फांद्यांवर राहते. म्हणजे इतर सक्युलंट जेव्हा कुजतात तेव्हा हिचा हंगाम असतो. बी रुईसारखं रेशमी शेंडी असलेलं. शेंडी काढून, बी आडवं ठेवून, जेमतेम झाकून पेरायचं, आणि ताजं असतानाच. लागवडीच्या झाडाचं बी किंवा फांदी घ्या, कड्यावरून एक तुकडाही आणू नका. तिथे उरलेली झाडं फार थोडी आहेत.

बाहेरून बी मागवण्याबद्दलही सांगतो. परदेशातून बी टपालानं आणायला २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि तिथलं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. ॲस्टेरियास आणि सगळे एरिओकार्पस तर साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात आहेत. तुम्ही इथल्या संग्राहकांकडून घेतलंत तेच योग्य.

आणि मुंग्या: बी उघड्या ट्रेमध्ये असेल तर त्या एका रात्रीत साफ करतात. ट्रेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, डास होऊ नयेत म्हणून पाणी दर तीन दिवसांनी बदला. नावाच्या पट्ट्या शिसपेन्सिलीनं लिहा. पेनाची शाई पिशवीतल्या ओलीनं ऑक्टोबरपर्यंत उडालेली असते, आणि एरिओकार्पसच्या आठ महिन्यांच्या रोपांवरून जात ओळखता येत नाही.