बेसिनला ‘खोरं’ म्हणायचं का ‘द्रोणी’?

दांडियाबाजारकर: मंडळाच्या दिवाळी अंकाला लेख देतोय, जमिनीच्या हालचालींमुळे शेजारच्या समुद्रात गाळ कुठे नि किती साचतो यावर. बेसिनसाठी, म्हणजे गाळ साचतो त्या खोलगट जागेसाठी, काय लिहू? पेपरात ‘कृष्णा-गोदावरी खोऱ्यात गॅस’ असं असतं.

रावपुरा_ताई: काका, खोरं नका लिहू. खोरं म्हणजे नदीचं पाणी जिथून गोळा होतं तो सगळा मुलूख, तिथून गाळ सुटतो. गॅसचं केजी (कृष्णा-गोदावरी) बेसिन म्हणजे आंध्रच्या किनाऱ्याला आणि पुढे समुद्राखाली खचलेली जागा, तिथे तो साठतो. आणि गंमत बघा, त्र्यंबकेश्वरहून अरबी समुद्र जेमतेम ८० किमी, पण सह्याद्रीची कड उचललेली नि पठार पूर्वेला कललेलं म्हणून गोदावरी १४६५ किमी चालत बंगालच्या उपसागरात जाते, म्हणजे नाशिकची माती मुंबईपुढे न पडता आंध्रपुढे पडते, हे तुमच्या विषयाचं सगळ्यात सोपं उदाहरण आणि ते दोन्हीला खोरं म्हटलं की बुडतं!

दांडियाबाजारकर: मग द्रोणी? जेवणातला द्रोण आठवतो.

जुना_तेलवाला: आठवू दे की, फक्त त्या द्रोणाचा तळ खाली जात राहतो एवढं लिहा. खंबायतचं बेसिन आपल्या बडोद्याच्या उंबऱ्यालाच आहे ना, ती खचदरी. दोन्ही बाजूंना भेगा, मधला पट्टा खाली गेला, तळाला दख्खनचा काळा बेसाल्ट नि वर गाळाचे थर. लोकांना वाटतं जाड थर म्हणजे आधी खोल समुद्र असणार, तसं नसतं, पाणी उथळ असलं तरी तळ खचत राहिला की थरावर थर किलोमीटरच्या हिशेबात चढतात. १९५८ ला लुणेज, १९६० ला अंकलेश्वर, तेल सगळं ह्यातच मिळालं. अंकलेश्वरला ते वाळूच्या खडकात, आणि मुंबई हायला, म्हणजे मुंबईपुढच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रात बघा, तो भाग उंचवटा, नद्यांचा गाळ तिथे फारसा पोचला नाही, म्हणून तिथे तेल चुनखडीत.

रावपुरा_ताई: हिमालयही घ्या. तो उचलला गेला नि त्याची झीज गंगा-ब्रह्मपुत्रेने नेऊन बंगालच्या उपसागरात सुमारे ३००० किमी लांब पसरवली. त्याला ‘गाळाचा पंखा’ म्हणा, आकार लगेच कळतो.

मकरपुरा_८: आणि टेक्टॉनिक्स? हिंदीत विवर्तनिकी.

रावपुरा_ताई: मराठीत प्लेट टेक्टॉनिक्सला ‘भूपट्ट सांरचनिकी’ लिहितात, पण दिवाळी अंकात ते वाचून लोक फराळाकडे वळतील. ‘भूकवचाच्या हालचाली’ लिहा. आणि सेडिमेंटला हिंदीसारखं अवसाद नको हं, मराठीत तो मनाला येतो, गाळ पुरे.

जुना_तेलवाला: गाळ पुरे, पण दगड झाल्यावर ‘गाळाचा खडक’. तेलविहिरीतून गाळ निघत नाही, कोअर, म्हणजे खडकाचा दंडगोल नमुना निघतो, तो चांगला कडक असतो.

दांडियाबाजारकर: ठीक. नदीचं ते खोरं, गाळ साठतो ती द्रोणी. केजीच्या गॅसला ‘कृष्णा-गोदावरी द्रोणी’ लिहितो, संपादक बदलणार नाहीत एवढं बघतो.