मदत हवी आहे: वडिलांची दुनळी बंदूक घराच्या रक्षणासाठी कशी तयार ठेवावी?

नमस्कार मंडळी,

आमचं घर कुडाळजवळ, वाडीपासून लांब, बागेतच आहे. घरी आई आणि दादा दोघंच असतात. या पावसाळ्यात रात्री कुणीतरी मागच्या पडवीचं दार उचकटत होतं. दादाने दिवे लावून आरडाओरडा केल्यावर पळाले. तक्रार दिली आहे, पण आईची झोप उडाली ती उडालीच. बाबांची १२ बोअरची दुनळी वारस म्हणून दादाच्या परवान्यावर आली आहे. आजवर ती बागेत माकडं पळवायला बार काढण्यापुरतीच वापरली. आता घरासाठी तयार ठेवायची आहे.

सगळ्यात मोठी काळजी काडतुसांची. घरात लांबात लांब अंतर पंचवीस फूट. तेवढ्यात छर्रे फारसे पांगत नाहीत, त्यामुळे नेम धरावाच लागणार. बाहेरच्या भिंती चिऱ्याच्या आहेत, पण माजघर आणि आईची खोली यांच्यामध्ये नुसत्या फळ्या. एलजी किंवा एसजीचा, म्हणजे मोठ्या दाण्यांचा छर्रा त्यातून आरपार जाईल. बारीक छर्र्याचं ४ नंबर भरावं म्हटलं, तर इतक्या जवळून तेही फळी फोडेल असं वाटतं. म्हणून माझ्या मते काडतुसापेक्षा जागा आधी ठरवायला हवी: दादाने आईच्याच खोलीत जायचं, आतून अडसर लावायचा, ११२ ला फोन करायचा आणि बंदूक दाराकडे रोखून तिथेच थांबायचं. अंधारात घरभर शोधत फिरायचं नाही. हे बरोबर आहे का? आणि अशा वेळी तुम्ही कुठलं काडतूस भराल?

नळ्या तीस इंची आहेत, बोळात वळवताना अडतात. एकाने कापून घ्यायला सांगितलं. तसं अजिबात करणार नाही. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ६ नुसार वेगळ्या परवान्याशिवाय नळी आखूड करणं गुन्हा आहे.

दुसरं, भरून ठेवायची की रिकामी? जुन्या दुनळीचा सेफ्टी खटका बहुधा फक्त चाप अडवतो. भरलेली बंदूक भिंतीवरून पडली तर सेफ्टी लावलेली असूनही बार उडू शकतो. मे महिन्यात आमची सगळी पोरं तिथे असतात. त्यामुळे रिकामी, कुलपात आणि काडतुसं वेगळ्या कुलपात, एवढं माझ्यापुरतं पक्कं आहे. पण मध्यरात्री झोपेतून उठून दोन कुलपं उघडायला किती वेळ लागतो? ज्यांच्याकडे स्टीलचं कपाट आहे त्यांनी चावी कुठे ठेवता ते नाही, पण सोय कशी केली आहे ते सांगा.

कायद्याचं थोडं वाचलं आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ४१ मध्ये सूर्यास्तानंतर घरफोडी करणाऱ्याविरुद्ध बचावाचा हक्क बराच पुढे जातो, पण कलम ३७ म्हणतं की गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. पळणाऱ्याच्या पाठीवर बार टाकायचा नाही, हे दादाला बजावलं आहे. कुणी वकील असतील तर यावर जरूर लिहा.

शेवटचं: बंदूक जुनी विलायती आहे. अशांचं चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) अनेकदा ६५ मिलिमीटरचं असतं आणि त्यात ७० चं काडतूस घातलं तर दाब धोक्याचा वाढतो. चेंबर मोजून, सांधा ढिला झालाय का ते तपासून देणारा जाणकार कारागीर कोल्हापूर किंवा बेळगावकडे कुणाला माहीत आहे का? तोवर ती भरायचीच नाही असं दादाला सांगितलं आहे.